शिवारातला उभा दगड कलतोय, ग्रामपंचायत सिमेंटचा कट्टा बांधणार आहे – काय करावं, काय टाळावं?

शिवारवाट

नागपूर जिल्ह्यातल्या एका गावाच्या शिवारात, ई-क्लास (सरकारी चराऊ) जमिनीवर एक उभा दगड आहे. जमिनीवर साधारण सात फूट, रुंदी अडीच फूट, जाडी सव्वा फूट. काळा, बारीक पोताचा. त्याच्या पूर्वेला आणि दक्षिणेला गोल मांडलेल्या दगडांची सात-आठ वर्तुळं आहेत. त्यातली दोन शेजारच्या खाजगी शेतात येतात आणि एकाच्या मधून धुरा (शेताचा बांध) गेलाय. गावातले लोक दगडाला हात जोडतात, अधूनमधून शेंदूरही लागतो. देऊळ वगैरे काही नाही.

दगड ईशान्येकडे कललेला दिसतो. बुडाशी गुरं अंग घासतात, त्यामुळे चारही बाजूंनी बशीसारखा खड्डा झालाय आणि पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. एका बाजूला गुप्तधनासाठी उकरल्याची खूण आहे. ग्रामपंचायतीचा हेतू चांगला आहे. दगड पडू नये म्हणून भोवती दहा बाय दहा फुटांचा काँक्रीटचा कट्टा, वर टाइल्स, दगडाला ऑइल पेंट आणि 'नवाश्मयुगीन वारसा' असा फलक. अंदाजपत्रक तयार आहे, पावसाळ्याआधी काम सुरू करायचं म्हणतात.

हा दगड खरंच नवाश्मयुगीन असू शकतो का? कट्टा नको असेल तर पर्याय काय द्यायचा? दगड सरळ करून घ्यावा का? आणि कागदोपत्री संरक्षण मिळवायचं तर सुरुवात कुठून? जाणकारांनी नेमकं सांगावं, म्हणजे ग्रामसभेत तसंच मांडता येईल.

---

खापरखुणा

आधी काळाचं बोलू, कारण फलकावर चुकीचं लिहिलं की ते पुढची पन्नास वर्षं तसंच राहतं. 'नवाश्मयुगीन' लिहू नका. नवाश्मयुगात उभे केलेले मोठे दगड युरोपात भरपूर आहेत. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातले काही तर इसवी सनापूर्वीच्या पाचव्या सहस्रकातले. विदर्भातली शिलावर्तुळं, म्हणजे दफनांभोवती मांडलेली दगडांची वर्तुळं, मात्र लोहयुगातली, ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली. त्या लोकांकडे लोखंड होतं, घोडे होते. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी मिळाली आहे, तर माहुरझरीच्या वर्तुळांत घोड्याच्या सांगाड्यासोबत तांब्याचे साज आणि लोखंडी वस्तू निघाल्या. जुनापाणी नागपूरपासून अगदी जवळ, काटोल रस्त्याला आहे. तिथे सुमारे तीनशे वर्तुळं नोंदलेली आहेत आणि काहींच्या दगडांवर कोरलेले वाटोळे खळगेही आहेत. यांना महापाषाण संस्कृतीचे अवशेष म्हणतात. अडीच-तीन हजार वर्षं हे वय कमी नाही, ते वाढवून सांगायची गरज नाही.

उभ्या दगडाचं वय मात्र वर्तुळांवरून थेट ठरत नाही. विदर्भात वर्तुळं शेकड्यांनी आहेत आणि उभे दगड त्या मानाने थोडे. शिवाय गडचिरोलीत भामरागडकडे माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ आजही दगड उभे करतात. म्हणजे उभा दगड तीन हजार वर्षांचा असू शकतो, तीनशे वर्षांचाही असू शकतो. दोन्ही वारसाच आहेत, फक्त फलकावर 'असावा' हा शब्द ठेवा.

जागेवर न खोदता काही गोष्टी तपासता येतात. दगडावर युद्धाचा प्रसंग, चंद्र-सूर्य, कलश किंवा कोपरापासून दुमडलेला हात कोरला असेल तर तो वीरगळ किंवा सतीशिळा, म्हणजे मध्ययुगातला. गाढवाचं चित्र आणि शापवचन असेल तर गधेगाळ. कडेला एका ओळीत चौकोनी किंवा लांबट खाचा असतील तर त्या पाचरी ठोकून दगड फोडल्याच्या खुणा आहेत आणि बहुतेक वेळा अलीकडच्या. लोखंडी पहारीने पाडलेलं सरळ गोल भोक असेल तर ते खदानीचं. याउलट तीन ते सहा सेंमी व्यासाचे, उथळ वाटीसारखे, आतून गुळगुळीत खळगे असतील आणि ते एखाद्या ओळीत किंवा जोडीने असतील, तर जपून नोंद करा. पण काळ्या पाषाणात वायूच्या बुडबुड्यांची नैसर्गिक छिद्रंही असतात. ती आकाराने वेडीवाकडी, आतून खडबडीत आणि सगळीकडे विखुरलेली असतात. खळगे नीट दिसतात ते सकाळी सातच्या किंवा संध्याकाळी साडेपाचच्या तिरप्या उन्हात. भर दुपारच्या फोटोत काहीच कळत नाही.

आणखी एक. आजूबाजूच्या नांगरटीत काळी-तांबडी किंवा अभ्रकाची चमक असलेली तांबडी खापरं दिसतील. उचलू नका. जागेवर फोटो, शेजारी मोजपट्टी, आणि दगडापासून किती मीटरवर कोणत्या दिशेला एवढी नोंद. खापर घरी नेलं की त्याचा निम्मा अर्थ गेला.

आणि विनंती: गटक्रमांक, गावाचं नाव, जीपीएस इथे लिहू नका. उकरणारे लोकही वाचतात.

---

ओळंबा

कट्टा थांबवा. तो थांबवायची कारणं ग्रामसभेला पटतील अशा क्रमाने देतो.

उभा दगड टिकतो तो जमिनीखालच्या भागावर. खड्डा खणून, दगडाचं बूड त्यात सोडून, भोवती पाचरीसारखे दगड-गोटे ठोकून बसवलेले असतात आणि वर माती दाबलेली असते. कट्ट्याचा पाया म्हणून तुम्ही दीड-दोन फूट खणलंत की नेमके हेच दगड निघतात. म्हणजे दगड पडू नये म्हणून केलेलं काम त्याचा खरा आधार काढून घेतं. त्याच मातीत खापर, कोळसा, हाड असं काही असेल तर दगडाचं वय ठरवण्याचा एकमेव पुरावाही तिथेच असतो. तो ट्रॉलीत भरून जातो आणि परत येत नाही.

दुसरं कारण काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगा पडतात. दहा बाय दहाचा ताठ स्लॅब अशा मातीवर सगळीकडून सारखा उचलला जात नाही, एक बाजू वर येते. दगड स्लॅबमध्ये घट्ट धरलेला असेल तर स्लॅब त्यालाही सोबत फिरवतो. मोकळ्या मातीत दगड थोडा हलून पुन्हा बसू शकतो. काँक्रीटच्या कड्यात अडकलेला दगड कड्याच्या रेषेवर तडकतो.

तिसरं ओलावा. जमिनीतून बुडात चढलेलं पाणी आसपासच्या मातीतून उडून जातं. माती झाकली की ते दगडातून वर येऊन कट्ट्याच्या वरच्या चार-सहा इंचांत उडतं. सिमेंटमधले क्षार त्याच्यासोबत येतात, तिथेच साखळतात आणि दगडाचे पापुद्रे काढतात. वालुकाश्मात हे लवकर दिसतं. बेसॉल्ट घट्ट असल्याने सावकाश होतं, पण भेगा असतील तिथे होतंच. ऑइल पेंटचंही असंच. आतला ओलावा अडतो, तीन-चार वर्षांत रंग पोपडे धरतो आणि पोपड्यासोबत दगडाची वरची कातडी आणि त्यावरचे खळगे घेऊन जातो.

आता दगड सरळ करण्याबद्दल. अजिबात नको, निदान गावपातळीवर नको. तुम्ही दिलेल्या मापांनी वरचा भाग सुमारे ०.६ घनमीटर होतो. बेसॉल्टचं वजन घनमीटरला २.८ ते २.९ टन, म्हणजे जमिनीवरचाच भाग पावणेदोन टनांचा. खालचा धरून सव्वादोन-अडीच टन. जेसीबीच्या बकेटने किंवा साखळीने ओढला तर एकतर जमिनीलगत मोडेल, नाहीतर खालचे पाचर दगड विस्कटून दुसरीकडे कलंडेल. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या उभ्या दगडांच्या वर्तुळात ३१ डिसेंबर १९०० रोजी एक दगड कोसळल्यावर पुढच्याच वर्षी तिथलाच दुसरा एक धोकादायक कललेला दगड सरळ केला गेला. पण आधी गोवलंड या अभ्यासकाने त्याच्या बुडाभोवती चौकटी आखून, थरांनुसार, माती चाळून उत्खनन केलं. सरळ करणं हे उत्खननाचं शेपूट होतं. असं उत्खनन परवाना असलेल्या संस्थेचं काम आहे. आणि दगड पडलाच तर? पडलेला राहू द्या. ब्रिटनीत लोकमारियाकेर इथला सुमारे वीस मीटरचा प्रचंड दगड चार तुकड्यांत आडवा पडलेला आहे, कुणी उभा केला नाही, आणि तो राष्ट्रीय वारसा आहे.

मग करायचं काय? आधी मोजणी, कारण 'कललेला दिसतो' यावरून काहीच ठरत नाही. दगडाच्या शेंड्यावरची एखादी ठळक कंगोऱ्याची जागा निवडा, तिचा जवळून फोटो घ्या, तिथून ओळंबा सोडा आणि खाली जमिनीलगत दोरी व दगड यातलं अंतर मोजा. ज्या बाजूंनी दोरी दगडाला न टेकता मोकळी लोंबते त्या बाजूंनी हे करा. वारा नसेल तेव्हा, आणि ओळंब्याचं वजन पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा म्हणजे डोलत नाही. दगडावर रंगाची, खडूची, छिन्नीची खूण करायची नाही, खूण फोटोत असावी. अशी मोजणी वर्षातून दोनदा: मे अखेरीस माती पूर्ण सुकलेली असताना आणि ऑक्टोबरात ओली असताना. मे ची तुलना मे शीच करायची. काळ्या मातीत ऋतूनुसार थोडा फरक पडतो, आणि तो कल वाढल्याचं समजून लोक घाबरतात. दोन मे महिन्यांत एक सेंमीपेक्षा जास्त फरक आला तर लगेच पुरातत्त्व विभागाला कळवा.

सोबत मोबाइलने ऐंशी-शंभर फोटो काढा, ढगाळ दिवशी, दगडाभोवती तीन उंचींवर फिरत, प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा दोन तृतीयांश भाग यावा असे. शेजारी एक मीटरची पट्टी उभी ठेवा. यातून पुढे कुणीही संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करू शकतो.

बुडाचा खड्डा मात्र भरायला हवा, आणि तो खणण्याशिवाय भरता येतो. मोकळी माती, शेण, पालापाचोळा हाताने आणि मऊ झाडूने काढा. कुदळ-फावडं नाही. खड्ड्याच्या तळावर जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं कृत्रिम धाग्यांचं) कापड अंथरा, म्हणजे पुढे कुणी शास्त्रीय उत्खनन केलं तर जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं ते त्याला कळेल. त्यावर बाहेरून आणलेला बारीक मुरूम, चार बोटं जाडीच्या थरांत, हलकं पाणी शिंपडून, लाकडी धुमसाने हाताने दाबायचा. कंपनाचं कुठलंही यंत्र दगडाजवळ आणायचं नाही. काळी माती वापरू नका, ती पुन्हा फुगेल. दगडापासून बाहेरच्या बाजूला तीस सेंमीला एक सेंमी असा उतार द्या. पातळी दगडावरच्या जुन्या मातीच्या रेषेपर्यंतच. ती रेषा रंगाच्या फरकाने ओळखू येते. त्याच्या वर चढवलंत तर दगडाचा कोरडा राहिलेला भाग ओलात जातो. खड्डा अडीच मीटर व्यासाचा आणि मध्ये एक फूट खोल धरला तर दाबलेला मुरूम पाऊण घनमीटरच्या आत लागेल, सैल मोजला तर ब्रासचा जेमतेम तिसरा हिस्सा. मजुरीसकट हा खर्च कट्ट्याच्या अंदाजपत्रकाच्या कोपऱ्यात बसेल. पण विभागाच्या माणसाने जागा पाहिल्याशिवाय हे काम सुरू करू नका, विशेषतः उकरलेल्या बाजूला. तिथे पाचर दगड उघडे पडले असतील तर ते आधी जसेच्या तसे नोंदले गेले पाहिजेत.

दगडावरची दगडफुलं खरवडू नका. ती वर्षाला मिलिमीटरच्या अंशाने वाढतात आणि जुना पृष्ठभाग शाबूत असल्याची ती खूण असते. वाळवीची माती बांबूच्या कामटीने काढा. साबण, ॲसिड, तारेचा ब्रश, पाण्याचा जोराचा फवारा, काही नको.

---

कातळसडा

कट्ट्याला पर्याय म्हणून लोक लगेच लोखंडी जाळीचं कुंपण सुचवतात, म्हणून लिहितोय. प्रत्येक खांबाला दीड-दोन फुटांचा खड्डा लागतो. वर्तुळांच्या मधून असे वीस-पंचवीस खड्डे घेतले तर गुप्तधनवाल्यांपेक्षा जास्त नुकसान होतं. कोकणात उक्षीच्या कातळशिल्पाभोवती गावाच्या सहभागाने बुटकी चिऱ्याची भिंत झाली, ते उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तिथे खाली उघडा कातळ आहे आणि चित्र त्या कातळावर आहे. तुमच्याकडे मातीखाली दफनं असण्याची शक्यता आहे. कोकणाची नक्कल विदर्भात चालणार नाही.

गुरांसाठी सोपं: बोरी-बाभळीच्या फांद्यांचं काटेरी कुंपण, जमिनीवर नुसतं रचलेलं, दगडापासून तीन-चार मीटरवर. वर्षाला एकदा बदलायचं, आणि उन्हाळ्यात धुरे पेटवतात तेव्हा आधी हलवायचं. आणि गुरांना अंग घासायला जागा लागतेच, ती दुसरीकडे द्या. पाण्याच्या वाटेवर, वर्तुळांपासून लांब, दोन जाड लाकडी खांब रोवले की ती तिकडे वळतात.

आगीचं वेगळं सांगतो. तापलेला दगड आणि अचानक पडलेलं पाणी यांनी मोठा दगडही फुटतो. इंग्लंडमध्ये ॲव्हबरीचे नवाश्मयुगीन दगड अठराव्या शतकात घरं बांधायला फोडले, ते असेच: खड्ड्यात जाळ करून दगड तापवायचा, वर थंड पाणी ओतायचं, मग हातोडा. तेव्हा दगडाच्या पाच मीटरच्या आत गवत विळ्याने कापा, पेटवू नका. होळीची जागाही तिथे नको.

---

फेरफार

कागदाचं काम दोन रुळांवर चालतं: गावाचं आणि विभागाचं. विभागाचं वेळखाऊ आहे, म्हणून गावाचं आधी उरकून घ्या.

सगळ्यात आधी जमिनीची नोंद पाहा. ई-क्लास म्हणजे गायरान असेल तर मालकी शासनाची, ग्रामपंचायतीकडे फक्त व्यवस्था. तिथे पक्कं बांधकाम करायला महसूल विभागाची परवानगी लागते, आणि कट्ट्याच्या अंदाजपत्रकाला ती जोडली आहे का हे सचिवांना विचारा. कितीतरी वेळा गाडी इथेच थांबते. सातबारावर 'झुडपी जंगल' अशी नोंद निघाली तर प्रश्न वेगळा. मे २०२५च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ती वनजमीन धरली जाते, तेव्हा वन विभागाला विचारल्याशिवाय काहीच नाही. मुरूम आणायचा तर रॉयल्टीची पावती घ्या, आणि मुरूम त्याच शिवारातून उपसू नका. वर्तुळांच्या शिवारात मुरूमाची खदान हाच सर्वात मोठा धोका आहे.

ग्रामसभेचा ठराव मोघम नको. 'वारसा जपावा' अशा ठरावाचा उपयोग शून्य. असा लिहा: 'गट क्रमांक अमुक मधील उभा दगड व लगतची दगडी वर्तुळे यांच्या बाहेरच्या कडेपासून तीस मीटरच्या आत खोदकाम, मुरूम-माती उपसा, पक्के बांधकाम, शेततळे, सलग समतल चर, वृक्षलागवडीचे खड्डे व विद्युत खांब घेण्यात येऊ नयेत. कोणत्याही योजनेची आखणी करण्यापूर्वी ग्रामपंचायतीने सोबतचा नकाशा संबंधित विभागास द्यावा.' यातला समतल चर आणि झाडांचे खड्डे हा भाग गाळू नका. जलसंधारण आणि वृक्षलागवड ही चांगली कामं आहेत आणि त्यांना कुणी विरोध करत नाही. नेमकं त्यामुळेच माळावरची वर्तुळं त्यांत कापली जातात. आखणी करणाऱ्याला तिथे नुसते दगड दिसतात.

ठरावाला हाताने काढलेला का होईना, नकाशा जोडा. तीन कायम खुणांपासून (विहीर, मोरी, मोजणीचा दगड) उभ्या दगडाची अंतरं द्या. ठरावाची प्रत तलाठी, तहसीलदार, गटविकास अधिकारी, वनपाल आणि कृषी सहायक यांना पोच घेऊन द्या. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्थावर मालमत्तेच्या नोंदवहीत दगडाची मापांसह नोंद करून घ्या. यादीत नसलेला दगड किती सहज जातो याचं ताजं उदाहरण फ्रान्समधल्या कार्नाकचं. उभ्या दगडांच्या जगप्रसिद्ध ओळी जिथे आहेत त्याच गावाच्या हद्दीत २०२३मध्ये एका दुकानाच्या बांधकामात चाळीसेक छोटे उभे दगड गेले. ते दगड नेमके किती जुने यावर नंतर वाद झाला, पण तपासायला दगडच उरले नव्हते.

आता विभागाचा रूळ. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे, त्याचं विभागीय कार्यालय नागपूरला आहे. सहायक संचालकांच्या नावे अर्ज: फोटो, मापं, नकाशा, सातबारा आणि ठराव. १९६०च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली राज्य संरक्षित स्मारक घोषित करता येतं. आधी इराद्याची अधिसूचना, तिच्यावर हरकतींसाठी दोन महिने, मग अंतिम अधिसूचना. केंद्राच्या १९५८च्या कायद्यात प्राचीन स्मारकाच्या व्याख्येतच दफनाची जागा आणि एकसंध उभा दगड या दोन्ही गोष्टी आहेत, अट किमान शंभर वर्षं जुनं असण्याची. पण केंद्रीय संरक्षण राष्ट्रीय महत्त्वाच्या स्थळांना मिळतं, जसं जुनापाणीला आहे. त्यासोबत २०१०च्या दुरुस्तीनुसार शंभर मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र येतं. शेजारचे शेतकरी याच आकड्यांना घाबरून रातोरात वर्तुळं नांगरतात, म्हणून त्यांना आधीच नीट सांगा की हे आकडे केंद्र संरक्षित स्मारकाचे आहेत आणि तुमच्या दगडाला आज ते लागू नाहीत. ज्या दोन शेतकऱ्यांच्या शेतात वर्तुळं आहेत त्यांना ठरावाआधी घरी जाऊन भेटा. तेवढे तुकडे नांगरटीतून सोडायला ते तयार असतील तर लेखी संमती घ्या. सक्तीची भाषा केलीत तर सगळं हातचं जाईल.

गुप्तधनाबद्दल: १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. पोलीस पाटलांना सांगून उकरल्याची लेखी नोंद पोलीस ठाण्यात करा, फोटोसह. पुढच्या वेळी कुणी पकडलं गेलं तर ही पहिली नोंद कामाला येते.

राज्य संरक्षित झाल्यावर देखभालीसाठी 'महाराष्ट्र वैभव' ही पालकत्वाची योजना आहे, पण तो पुढचा टप्पा. तोवर नागपूर विद्यापीठाचा प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग किंवा पुण्याचं डेक्कन कॉलेज यांना पत्र लिहा. विदर्भातल्या महापाषाण स्थळांवर दोघांनी दीर्घकाळ उत्खननं केली आहेत.

---

शिवारवाट

सगळ्यांचे आभार. ओळंब्याने मोजलं: शेंडा ते जमीन २१२ सेंमी, ईशान्येकडे सरक १७ सेंमी. कल जाडीच्या दिशेने आहे, जाडी ३८ सेंमी. जमिनीपासून दोन फुटांवर एक आडवी भेग आहे, नख जाईल एवढी. सातबारावर गायरान अशीच नोंद आहे. सरपंच ऐकून घ्यायला तयार आहेत, पण 'मंजूर निधी परत जाईल' हा त्यांचा मुद्दा आहे. आणि शेंदूर लावू नका म्हटलं तर लोक दुखावतील. पाऊसही जवळ आलाय.

---

ओळंबा

१७ भागिले २१२, म्हणजे साडेचार अंशांच्या आसपास. दगड वरून खालपर्यंत सारख्या जाडीचा धरला तर त्याच्या वजनाचा मध्य बुडाच्या मध्यापासून साडेआठ सेंमी सरकलाय. तो १९ सेंमीच्या, म्हणजे अर्ध्या जाडीच्या आत आहे. तेव्हा जमिनीची पकड शून्य मानली तरी आज तो स्वतःच्या वजनाने उलटणार नाही. पण जमीन घट्ट असेल तरच हा हिशेब खरा, आणि ईशान्येची बाजू पाण्याने मऊ झाली तर नाही. उकरलेली बाजू ईशान्येला आहे का ते आधी पाहा. असेल तर या पावसाळ्यापुरती त्या बाजूला वाळूची पोती रचा: खाली जिओटेक्स्टाइल, मग जमिनीलगत रुंद आणि वर अरुंद होत जाणारी रास, दगडाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत, दगड आणि पोत्यांमध्ये गोणपाट. पोती अर्धी-पाऊण भरा, गच्च भरली तर ती एकमेकांवर बसत नाहीत. प्लॅस्टिकची पोती उन्हात काही महिन्यांत फाटतात, म्हणून वर ताडपत्री, पण दगडाला गुंडाळायची नाही. दिवाळीनंतर काढून टाका.

भेगेत सिमेंट, एपॉक्सी, एम-सील काहीही भरू नका. पट्टी शेजारी धरून फोटो घ्या आणि दोन्ही टोकांची जागा नोंदवा. भेग समोरून मागे आरपार आहे का हे महत्त्वाचं. आरपार असेल तर अर्जात ते पहिल्या ओळीत लिहा, कारण मग धोका कलण्याचा नसून मोडण्याचा आहे. गुरांना रोखणं त्यामुळे आणखी निकडीचं.

निधीचा मार्ग आहे. काम रद्द करू नका, जागा बदलून घ्या. तोच कट्टा वाटेच्या कडेला, सगळ्यात बाहेरच्या वर्तुळापासून पन्नासेक मीटरवर, शासकीय परवानगीने. बसायला जागा, सावली, फलक तिथेच. लोक तिथून दगड पाहतील, पायवाटही एकच राहील. कार्नाकला माणसांच्या पावलांनीच गवत मेलं, माती वाहून गेली, दगडांची बुडं उघडी पडली आणि १९९१मध्ये मुख्य ओळींना कुंपण घालावं लागलं. तुमच्याकडे माणसं कमी येतील, पण एकाच जागी उभं राहून सेल्फी घेणारी पन्नास माणसंही काळ्या मातीत पावसाळ्यात पुरेशी आहेत.

---

खापरखुणा

शेंदराबद्दल माझं म्हणणं असं. तो काढायच्या भानगडीत पडू नका, अगदी साध्या पाण्यानेही नाही. पूजा होते म्हणूनच हा दगड आजवर कुणी फोडून गिट्टीत घातला नाही. तेलंगणात कृष्णेकाठी मुडुमल इथे उभ्या दगडांचा मोठा समूह आहे. २०२५मध्ये तो युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला आणि तिथेही काही दगडांची पूजा चालते. देवपण आणि वारसा एकत्र नांदू शकतात. फक्त दोन गोष्टी मागा: शेंदूर समोरच्या बाजूला, आज लागतो तेवढ्याच जागेवर, खळगे असतील तिथे नाही. आणि दिवा-नारळासाठी समोर दोन मीटरवर एक सुटा सपाट दगड जमिनीवर नुसता ठेवा, रोवू नका. नारळ उभ्या दगडावर फोडायचा नाही, हे गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं तर लगेच ऐकलं जातं.

फलकाचा मजकूर असा ठेवता येईल: 'हा उभा दगड आणि परिसरातील दगडी वर्तुळे विदर्भातील महापाषाण संस्कृतीशी संबंधित असावीत. अशी वर्तुळे साधारण अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वीची दफनस्थळे आहेत. त्यांत प्रामुख्याने मातीची भांडी, लोखंडी अवजारे आणि मणी आढळले आहेत. येथे खोदकाम करू नये. दगड हलवू नयेत.' भांडी आणि अवजारांचा उल्लेख मुद्दाम ठेवा. खाली धन पुरलंय या समजुतीला फलकावरच उत्तर मिळतं.

---

फेरफार

पावसाआधी वेळ कमी आहे, तर क्रम असा धरा. या आठवड्यात फोटो आणि मोजणी. पुढच्या ग्रामसभेत ठराव आणि कट्ट्याच्या जागेतला बदल, दोन्ही एकाच सभेत, नाहीतर कट्ट्याचं काम जुन्या जागी सुरू होऊन जाईल. ठराव झाला की त्याच दिवशी काटेरी कुंपण आणि पोती. विभागाचा माणूस पाऊस लागेपर्यंत येऊ शकला नाही तर खड्डा भरू नका. फक्त वरच्या अंगाला, दगडापासून चार-पाच मीटरवर, मातीच्या पोत्यांचा एक हात उंच तिरपा बांध जमिनीवर रचा, म्हणजे माळावरून वाहत येणारं पाणी बाजूने निघून जाईल. बांधाचं तोंड वर्तुळांकडे वळणार नाही हे पहिल्या मोठ्या पावसात उभं राहून पाहा, आणि वळत असेल तर पोती तिथल्या तिथे सरकवा.